तिशीपर्यंतची मुदत

उत्तर इटलीतील मोडेना हे शहर आपल्या यात्रेकरूंच्या वाटेवर सहसा येत नाही. रोमला गेलेली आपली माणसे असिसीला जातात, पादुआला संत अंतोनच्या कबरीवर हात टेकवून येतात, व्हेनिसच्या होडीत बसतात. मोडेनाला मात्र कोणी मुद्दाम उतरत नाही. या शहरात १०९९ साली पायाभरणी झालेले एक देखणे कॅथेड्रल आहे. शहराचे आश्रयदाते संत जेमिनियानो यांचे अवशेष तेथे आहेत. जवळच्या मारानेल्लो गावात फेरारी मोटारी तयार होतात. द्राक्षांच्या रसापासून वर्षानुवर्षे मुरवलेला तेथला सिरका जगभर जातो. आणि याच शहराच्या कडेला, एका पाववाल्याच्या घरी, १२ ऑक्टोबर १९३५ रोजी लुचानो पावारोत्ती याचा जन्म झाला.

पाववाल्याच्या मुलाचे आडनाव पावारोत्ती! आपल्या मराठी कानांना हे ‘पावरोटी’ असे ऐकू येते आणि हसू आल्यावाचून राहत नाही. इटालियन भाषेत या नावाचा पावाशी काडीचाही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. पण पोर्तुगीजांकडून ‘पाव’ हा शब्द घेणाऱ्या आणि पहाटेच्या भट्टीचा वास नाकात घेऊन वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा योगायोग आवडला, तर बिघडले कुठे?

मी हे नाव प्रथम ऐकले ते १९९० साली, गुरुविद्यालयात शिकत असताना. त्या वर्षी इटलीत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली आणि ७ जुलै रोजी, अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, रोममधील काराकाल्ला येथील प्राचीन स्नानगृहांच्या भग्न भिंतींसमोर तीन टेनर गायकांची मैफल झाली. प्लासिदो दोमिंगो, होसे कारेरास आणि पावारोत्ती. पुढे वर्षभराने त्या मैफलीची कॅसेट आमच्या सोबत्याच्या बोटीवर नोकरी करणाऱ्या मामाने आणून दिली. रात्रीच्या जेवणानंतर मिळणाऱ्या अर्ध्या तासात आम्ही ती इतकी वाजवली, की शेवटी फीत घासून आवाज लहरू लागला. तेव्हा पावारोत्ती चौपन्न वर्षांचा होता, प्रसिद्धीच्या शिखरावर होता, अंगाने अवाढव्य झाला होता. हातात पांढरा रुमाल घेऊन उभा असलेला तो दाढीवाला माणूस कॅसेटच्या वेष्टनावर पाहून मला वाटले, हा जन्मतःच असा असावा. यशस्वी माणसांविषयी आपल्याला नेहमी असेच वाटते. त्यांच्या आधीच्या वर्षांचा हिशेब आपण मागत नाही. मला तो पुढे मागावासा वाटला, आणि जे हाती लागले ते त्या मैफलीहून मला अधिक मोलाचे वाटते.

बाप फेर्नांदो पाव भाजणारा. आई आदेले सिगारच्या कारखान्यात कामाला. त्याच कारखान्यात काम करणाऱ्या आणखी एका बाईला त्याच वर्षी, काही महिने आधी, मुलगी झाली होती. दोघींना दिवसभर कामावर राहावे लागत असल्याने दोन्ही तान्ह्या मुलांना एकाच दाईच्या अंगावर पाजले गेले. ती मुलगी म्हणजे मिरेल्ला फ्रेनी. विसाव्या शतकातील श्रेष्ठ सोप्रानो गायिकांत तिची गणना होते. दोन दूधभावंडे पुढे जगातल्या मोठमोठ्या रंगमंचांवर एकमेकांसमोर प्रियकर-प्रेयसी म्हणून उभी राहिली. त्या दाईचे दूध मोठे सुरेल असले पाहिजे, असे कोणी गमतीने म्हटले तर मी हरकत घेणार नाही. मिरेल्ला मात्र त्यावर विनोद करी, की सगळे दूध लुचानोनेच संपवले असणार!

चार माणसांचे कुटुंब दोन खोल्यांत राहत होते. १९४३ साली युद्धाच्या धामधुमीत त्यांना शहर सोडावे लागले आणि एका शेतकऱ्याकडची एकच खोली भाड्याने घेऊन ते राहिले. मुलाला तेथे शेतीची गोडी लागली, ती आयुष्यभर टिकली.

आता या गोष्टीतील मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस, तो बाप. फेर्नांदोचा स्वतःचा आवाज टेनर होता आणि ऐकणारे सांगतात, तो उत्तम होता. पण लोकांसमोर एकट्याने उभे राहायचे म्हटले की त्याचे धैर्य खचे. त्या भीतीपायी त्याने गायनाचा व्यवसाय कधी मनावर घेतला नाही. तो पाव भाजत राहिला आणि चर्चच्या गायकवृंदात गात राहिला. गेली पंचवीस-तीस वर्षे निरनिराळ्या धर्मग्रामांत काम करताना मला हा माणूस बहुतेक ठिकाणी भेटला आहे. गायकवृंदात तो मागच्या रांगेत उभा असतो. त्याचा आवाज सर्वांत चांगला असतो आणि एकट्याने ओळ म्हणायची वेळ आली की तो शेजाऱ्याला कोपराने ढोसतो. अशा माणसांच्या आधारावर आपली उपासना उभी असते. त्यांची नावे सणाच्या पत्रिकेवर कधी छापली जात नाहीत.

घरी फेर्नांदोच्या ध्वनिमुद्रिका होत्या: कारुझो, जील्यी, मार्तिनेल्ली, स्किपा. त्या ऐकून मुलगा नक्कल करी. नऊ वर्षांचा असताना तो वडिलांबरोबर गावच्या छोट्या चर्चच्या गायकवृंदात उभा राहू लागला. बेन्यामिनो जील्यी हा त्या काळचा महान टेनर एकदा मोडेनाला आला होता. कार्यक्रमापूर्वी तो गळा तयार करीत असताना बारा वर्षांचा लुचानो नाट्यगृहात शिरला आणि त्याने विचारले, गाणे शिकायला आपल्याला किती वर्षे लागली? जील्यीने उत्तर दिले, की आपण अगदी पाच मिनिटांपूर्वी शिकणे थांबवले आहे. तू ऐकलेस ना? पावारोत्ती ही आठवण पुढे अनेकदा सांगत असे.

बाराव्या वर्षी गायक व्हायचे ठरवणे सोपे असते. एकोणिसाव्या वर्षी घरात तो विषय काढणे कठीण. मुलाला खरे तर फुटबॉलमध्ये गोलरक्षक व्हायचे होते. आईने समजूत घातली आणि तो शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून प्राथमिक शाळेत मास्तर झाला. दोन वर्षे त्याने मुलांना शिकवले. पण गाणे सुटेना. तेव्हा बापलेकांमध्ये एक करार झाला. वय तीस होईपर्यंत घरात राहणे आणि जेवण फुकट. तोपर्यंत गायक म्हणून उभा राहिलास तर ठीक. नाही तर त्यानंतर मिळेल ते काम करायचे आणि गाण्याचे नाव काढायचे नाही.

या कराराकडे मी पुनःपुन्हा परत येतो. फेर्नांदोने ही मुदत मोठ्या आनंदाने दिली नव्हती, मनाविरुद्ध दिली. त्याला गायनाच्या धंद्यातील धोका ठाऊक होता आणि स्वतःचा अनुभवही होता. पण त्याने नकार दिला नाही आणि अमर्याद होकारही दिला नाही. त्याने आपल्या ऐपतीचे मोजमाप केले. पैसा त्याच्याकडे नव्हता. पाव होता आणि एक खाट होती. तेवढे त्याने देऊ केले, आणि त्याला तारीख घातली. घरातला कर्ता मुलगा तीस वर्षांचा होईपर्यंत घरखर्चाला पुरेसा हातभार लावणार नाही, हे एका भट्टीवर काम करणाऱ्या माणसाने मान्य करणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांनी महिनाअखेरीस पिशवी उलटी करून पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

१९५४ साली शिक्षण सुरू झाले. गुरू होते आर्रिगो पोला. मोडेनाचेच राहणारे, स्वतः व्यावसायिक टेनर. घरची परिस्थिती ओळखून त्यांनी फी घेतली नाही. आणि पहिले सहा महिने त्यांनी या उत्साही पोराला एकही गाणे शिकवले नाही. फक्त स्वर: आ, ए, ई, ओ, ऊ. जबडा कसा सोडायचा, जीभ कोठे ठेवायची, श्वास कोठून उचलायचा. आपल्याकडेही जुने उस्ताद शिष्याकडून महिनोन्महिने पहाटे खर्ज भरून घेत आणि बंदिशीचे नाव काढू देत नसत. पायाचे काम सगळीकडे सारखेच कंटाळवाणे असते. पोला यांच्या लक्षात आले, की या मुलाला स्वराचे अचूक ज्ञान उपजतच आहे; वाद्याचा आधार न देता कोणताही स्वर तो नेमका ओळखू शकतो.

येथे ऑपेराच्या गायनाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या संगीत नाटकाची आठवण करून त्याची कल्पना येईल. पण ऑपेरात संवादही बहुधा गाऊनच म्हटले जातात. समोर साठ-सत्तर वादकांचा ताफा असतो, आणि गायकापुढे ध्वनिक्षेपक नसतो. एकटा मानवी कंठ एवढ्या वाद्यांवरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो कसा? शास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला आहे. वाद्यवृंदाच्या ध्वनीचा जोर सेकंदाला साधारण पाचशे कंपनांच्या आसपास सर्वाधिक असतो आणि वर तो झपाट्याने उतरत जातो. शिकलेला गायक आपल्या घशाच्या पोकळीला असा आकार देतो, की त्याच्या आवाजात तीन हजार कंपनांच्या आसपास एक वेगळी झळाळी येते. त्या पट्ट्यात वाद्ये दुबळी असतात, म्हणून आवाज ओरडल्यावाचून त्यांच्यावरून निघून जातो. टेनरच्या ज्या उंच ‘सी’ स्वरासाठी लोक तिकिटे काढतात, त्या स्वराला स्वरतंतू सेकंदाला सुमारे सव्वापाचशे वेळा एकमेकांवर मिटतात. हे काम चुकीच्या पद्धतीने केले तर गळा वर्षभरात निकामी होतो. म्हणून ते सहा महिने आणि म्हणूनच ती सगळी वर्षे.

१९५५ साली एक घटना घडली. मोडेनाच्या ‘कोराले रोस्सिनी’ या पुरुषांच्या गायकवृंदाने वेल्समधील लँगोलेन येथील आंतरराष्ट्रीय संगीतमहोत्सवात भाग घेतला. महायुद्धानंतर, १९४७ साली, देशादेशांतील गायकांनी एकत्र यावे म्हणून त्या लहानशा गावाने हा उत्सव सुरू केला होता. फेर्नांदो आणि लुचानो दोघेही त्या वृंदात होते. मोडेनाच्या वृंदाला पहिले पारितोषिक मिळाले. आपण व्यावसायिक गायक व्हायचे हे तेथे पक्के झाले, असे पावारोत्ती पुढे सांगत असे. आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा अनुभव असा उल्लेख तो करी. मला गंमत वाटते ती अशी, की तेथे तो एकटा गायला नव्हता. वृंदातील अनेकांपैकी एक होता, आणि बाप त्याच वृंदात गात होता.

मग मात्र लांबलचक, कोरडी वर्षे. पोला जपानला गेले, तेव्हा लुचानो मान्तुआच्या एत्तोरे काम्पोगाल्लिआनी यांच्याकडे शिकू लागला. मिरेल्ला फ्रेनीही त्यांच्याकडे शिकत होती. पण तिने १९५५ सालीच मोडेनाच्या रंगमंचावर पदार्पण केले होते. बरोबरीची दूधबहीण रंगमंचावर उभी राहिली आणि हा अजून विमा विकत हिंडतो आहे! होय, मास्तरकीनंतर त्याने विम्याच्या पॉलिसी विकल्या. शिक्षणाच्या पहिल्या सहा वर्षांत त्याच्या वाट्याला आले ते लहानसहान गावांतील मोजके कार्यक्रम आणि तेही बिनमोबदल्याचे. आदुआ व्हेरोनी नावाच्या मुलीशी त्याचे लग्न ठरले होते. ते वर्षानुवर्षे पुढे ढकलले जात होते. चोवीस, पंचवीस. करारातील वर्षे सरत होती.

त्यातच स्वरतंतूवर गाठ आली. कुदळ मारणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात, तसाच हा प्रकार. घर्षणाने स्वरतंतूची कडा जाड होते, ते नीट मिटत नाहीत आणि आवाज फाटतो. फेर्रारा येथील कार्यक्रम इतका वाईट झाला, की त्याने गाणे सोडून देण्याचे ठरवले. तसे ठरवल्यानंतर जे घडले त्याचे स्पष्टीकरण तो स्वतः मनावरचा ताण उतरल्यामुळे असे देत असे. गाठ नाहीशी झाली. नाहीशी झाली एवढेच नाही, तर इतक्या वर्षांत शिकलेले सारे आणि उपजत आवाज हे दोन्ही एकाएकी एकजीव झाले, आणि ज्या नादासाठी तो झगडत होता तो आपोआप निघू लागला. काही भाविक मंडळी याला चमत्कार म्हणतील. मला तसे म्हणण्याची घाई नाही. दुखावलेल्या गळ्याला विसावा मिळाला की तो बरा होतो, हे वैद्यकही सांगते. मात्र सोडून दिल्यावरच ती गोष्ट हाती यावी, यावर मी अनेकदा विचार करीत बसलो आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ संध्याकाळी मला भेटायला आले. एसटीत चालक होते, निवृत्तीला चार वर्षे उरली होती. मुलगा गायकवृंदात गातो; आवाज असा, की ख्रिस्तशरीराच्या सणाला त्याने एकट्याने म्हटलेल्या गीतानंतर लोक शांतिचिन्ह द्यायलाच विसरले होते. पोराने बी.कॉम. केले होते, एका पतपेढीत नोकरी मिळत होती, आणि त्याला ती नको होती. त्याला मुंबईला जाऊन पाश्चात्त्य कंठसंगीत शिकायचे होते. “फादर, याला अजून किती वर्षं पोसायचं ते तुम्हीच सांगा,” ते म्हणाले. मी त्यांना मोडेनाच्या पाववाल्याचा करार सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला. मग म्हणाले, “तीस? तिसाव्या वर्षी मला दोन पोरं होती फादर, आणि घराचं कर्ज होतं.”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्याकडे अशा मुलाने नेमके कोठे जायचे? इटलीत जवळपास प्रत्येक मध्यम शहरात ऑपेराचे नाट्यगृह असते. मोडेनाला आहे, रेज्जो एमिलियाला आहे, पार्माला आहे. आणि ही तिन्ही गावे एकाच रस्त्यावर, थोड्या थोड्या अंतरावर आहेत. पाववाल्याच्या पोराला परदेशी जावे लागले नाही. शेजारच्या गावी जावे लागले. गोव्यात एके काळी चर्चच्या शाळांतून मेस्त्री मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. त्या शिक्षणावर पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील कितीतरी वादकांची पोटे भरली. पण कंठसंगीताला तसा रस्ता झाला नाही. मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ यांना लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये जावे लागले. तेथे त्या मोठ्या झाल्या, जॉन टॅव्हनर यांच्यासारख्या संगीतकाराने त्यांच्या आवाजासाठी रचना केल्या, २००१ साली त्यांना ओ.बी.ई. हा किताब मिळाला. पुढे त्या भारतातील तरुण गायकांना शिकवण्यासाठी येथे येत राहिल्या, ही त्यांची थोरवी. तरी आमच्या चालकसाहेबांपुढे मी हे उदाहरण ठेवले तेव्हा लंडनच्या तिकिटाचा दर हाच त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि तो रास्त होता.

शेवटी त्या घरातही एक करार झाला. पाववाल्याचा नव्हे, त्यांचा स्वतःचा. मुलाने पतपेढीतली नोकरी घेतली. शनिवारी दुपारच्या लोकलने तो शिकायला जातो आणि रात्री परततो. मुदत किती, हे त्यांनी मला सांगितलेले नाही आणि मी विचारलेले नाही.

पुन्हा मोडेनाकडे वळतो. १९६१ साली रेज्जो एमिलिया येथील ‘आकिल्ले पेरी’ स्पर्धा लुचानोने जिंकली. विजेत्यांना संपूर्ण ऑपेरात भूमिका मिळत असे. २९ एप्रिल १९६१ रोजी, तेथील नगर नाट्यगृहात, पुच्चिनीच्या ‘ला बोहेम’मध्ये रोदोल्फोच्या भूमिकेत तो उभा राहिला. वय पंचवीस वर्षे सहा महिने. संगीत-दिग्दर्शन फ्रांचेस्को मोलिनारी-प्रादेल्ली यांचे होते.

पुच्चिनी हा लुक्का शहराच्या कॅथेड्रलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ऑर्गन वाजवणाऱ्या घराण्यातला. ‘ला बोहेम’ ही १८९६ सालची कृती. पॅरिसमधील माळ्यावरच्या खोलीत राहणारे चार कंगाल मित्र. त्यांतला रोदोल्फो कवी. नाताळची पूर्वसंध्या, शेगडीत लाकूड नाही, म्हणून तो स्वतःच्या नाटकाचे हस्तलिखित जाळून ऊब घेतो. मग शेजारची शिवणकाम करणारी मिमी विझलेली मेणबत्ती पेटवून घ्यायला येते. अंधारात तिची किल्ली शोधताना हाताला हात लागतो. तिचा हात गार असतो. त्या क्षणी रोदोल्फो जे गीत गातो त्यात तो सांगतो, की मी गरीब आहे पण स्वप्नांच्या बाबतीत श्रीमंत आहे. याच गीतात तो उंच ‘सी’ येतो. सहा-सात वर्षे बापाच्या पावावर जगलेल्या मुलाला ही भूमिका पहिलीच मिळावी! त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण सुदैवाने राहिले आहे. मी ते ऐकले आहे. आवाज अजून कोवळा आहे, काही ठिकाणी घाईही आहे. पण उच्चार इतका स्वच्छ, की इटालियन तोडकेमोडके जाणणाऱ्या मलाही शब्द कळतात. सहा महिन्यांच्या त्या आ-ए-ईचा परिणाम दुसरा काय?

याच प्रयोगात कोल्लीने या तत्त्वज्ञाची, खालच्या पट्टीच्या गायकाची, भूमिका करणारा आणखी एक नवखा तरुण होता: द्मित्री नाबोकोव्ह, प्रसिद्ध कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्ह यांचा मुलगा. मरणोन्मुख मिमीसाठी औषध आणावे म्हणून कोल्लीने आपला जुना कोट गहाण टाकायला निघतो आणि त्या कोटाचा निरोप घेतो, हा प्रसंग त्याच्या वाट्याचा. एका बाजूला जगप्रसिद्ध लेखकाचा मुलगा, दुसऱ्या बाजूला पाववाल्याचा. रंगमंचावर दोघेही सारखेच कंगाल.

प्रेक्षकांत आलेस्सांद्रो झिलिआनी होते. पूर्वीचे टेनर, आता गायकांना कामे मिळवून देणारे प्रतिनिधी. त्यांनी लुचानोला हाताशी धरले. त्याच वर्षी त्याचे आणि आदुआचे लग्न झाले. यानंतरचा प्रवास मी थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वत्र लिहिला गेला आहे. १९६२ साली पालेर्मो येथे वृद्ध त्युल्लियो सेराफिन यांच्या हाताखाली ‘रिगोलेत्तो’. १९६३च्या फेब्रुवारीत व्हिएन्ना. त्याच वर्षी डब्लिनमध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहाच्या जोन इंगपेन यांनी त्याला ऐकले. त्यांना जुझेप्पे दी स्तेफानो या मोठ्या टेनरसाठी राखीव गायक हवा होता, कारण दी स्तेफानो ऐन वेळी आजारी पडण्याबद्दल ख्यात होते. ते पडले. २१ सप्टेंबर १९६३ रोजी लुचानो त्यांच्या जागी रोदोल्फो म्हणून लंडनकरांपुढे आला. दूरचित्रवाणीवरील एका लोकप्रिय कार्यक्रमातही त्यांची रिकामी जागा त्याने भरली, आणि इंग्लंडमधील घराघरांत त्याचे नाव पोचले.

मला अधिक आवडते ते १९६४ साल. त्या उन्हाळ्यात त्याला ग्लाइंडबोर्न येथे मोझार्टच्या ‘इदोमेनेओ’मध्ये काम मिळाले. इटालियन टेनरला मोकळ्या गळ्याने गाण्याची सवय. येथे त्याला हळू, आवरून, सुताच्या धाग्यासारखे बारीक गायला शिकवले गेले. लंडनमध्ये टाळ्या मिळालेल्या माणसाने पुन्हा विद्यार्थी होऊन बसणे सोपे नाही. आमच्यातील कित्येकांना गुरुदीक्षेनंतर ते जमलेले नाही.

आणि १९६५. फेब्रुवारीत अमेरिकेतील मायामी येथे एक टेनर आजारी पडला, बदली कोणी नव्हता, जोन सदरलँड यांनी याचे नाव सुचवले. २८ एप्रिलला मिलानच्या ला स्काला रंगमंचावर ‘ला बोहेम’मधील पदार्पण. मिमी होती मिरेल्ला फ्रेनी. सिगारच्या कारखान्यात राबलेल्या दोन आयांची मुले इटलीतील सर्वांत मानाच्या रंगमंचावर समोरासमोर होती. मग उन्हाळ्यात सदरलँड आणि त्यांचे पती रिचर्ड बॉनिंग यांच्या मंडळीबरोबर ऑस्ट्रेलियाचा दौरा. सदरलँड अंगाने उंच. त्यांच्यापुढे शोभेल असा उंच टेनर हवा, हेही त्याला घेण्याचे एक कारण होते! या दौऱ्यात त्याने सुमारे चाळीस प्रयोग केले. आठवड्यामागून आठवडे रात्रीमागून रात्री गाऊनही सदरलँड यांचा आवाज थकत नाही, हे पाहून त्याने शोध घेतला. त्या श्वास घेत असताना बरगड्यांखालच्या पडद्याचे स्नायू कसे काम करतात हे तो त्यांच्या अंगाला हात लावून पाही. श्वास धरावा कसा हे आपण सदरलँडकडून शिकलो, असे तो शेवटपर्यंत सांगत राहिला.

त्या वर्षी १२ ऑक्टोबरला त्याला तीस वर्षे पूर्ण झाली. करार संपला.

पुढच्या वैभवाविषयी आणि पुढच्या वादळांविषयीही येथे लिहिण्याचे कारण नाही. पैसा, कर, मोडलेला संसार. वर्तमानपत्रांनी ते सारे लिहिले. फेर्नांदो मात्र मोडेनातच राहिला. मुलगा जगाचा झाला तरी बाप आपल्या वृंदात गात राहिला. सेझार फ्रांकने १८७२ साली स्वरबद्ध केलेले ‘पानिस आंजेलिकुस’ हे संत थॉमस अक्विनास यांचे गीत आपल्यापैकी जुन्या लोकांनी लॅटिनमधून म्हटले असेल. देवदूतांची भाकर असा त्याचा अर्थ. १९७८ साली मोडेनाच्या कॅथेड्रलमध्ये पाववाल्याने आणि त्याच्या मुलाने ते एकत्र गायले. लोकांसमोर उभे राहायला भिणारा बाप त्या दिवशी मुलाच्या शेजारी उभा राहिला होता.

फेर्नांदो २००२ साली वारला. ६ सप्टेंबर २००७ रोजी मुलगा गेला, आणि दोन दिवसांनी त्याच कॅथेड्रलमध्ये त्याचा अंत्यविधी झाला. त्या वेळी ते १९७८चे ध्वनिमुद्रण लावण्यात आले. वेदीसमोर शवपेटी होती आणि बापलेक गात होते.